सायीची परीक्षा

कस्टर्डवर साय धरायला लागली तसे सगळे गप्प झाले.

निळ्या काठाचा पांढरा वाडगा टेबलाच्या मधोमध होता. रोज पहाटे ज्या टेबलावर मैदा मळला जायचा, त्याच्याच कडेला आज घरचे सगळे कोपरं टेकून उभे होते. रविवार असल्यामुळे बेकरी बंद, भट्ट्या विझलेल्या. पण भिंतींनी आठवडाभराची ऊब अजून धरून ठेवली होती. वाफ विरत गेली. पिवळ्याधमक कस्टर्डवर आधी नुसती चकाकी आली, मग ती दाटली आणि झोपलेल्या बाळाच्या पापणीइतकी पातळ साय त्यावर अलगद पसरली.

"फुंकू नकोस रे," भावजय धाकट्या दिराला म्हणाली.

"मी कुठे फुंकतोय? श्वास घेतोय."

"मग तो तिकडे तोंड करून घे."

धाकटा दातांचा डॉक्टर होता आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघायचा. स्वतःचं तोंड बंद ठेवणं मात्र त्याला कधीच जमलं नव्हतं. तो मान वळवून श्वास घेऊ लागला. त्याला हसू आवरेना, म्हणून त्याची पाठच हलायला लागली.

थोरली बहीण हसली नाही. ती खिडकीतून मागच्या अंगणात बघत होती. तिथे पत्र्याच्या छपराखाली तिची लाल गाडी उभी होती. नाक बुटकं, मागचा भाग उचललेला, चाकं रुंद. धावायला निघालेल्या पोराला कुणी हाक मारून थांबवावं, तशी ती उभी असायची.

"सांगून ठेवतो," मधला भाऊ म्हणाला. बेकरीचे केक घरोघर पोचवण्याचं काम त्याचं. "साय फाटली की संपलं. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?"

"शब्द तूच दिलायस. सगळ्यांसमोर."

"दिलाय ना. पाळीन."

मागच्या महिन्यात जुन्या व्हॅनने राम म्हटल्यापासून दोघांचं हेच चाललं होतं. अंगणात छप्पर एका गाडीपुरतं, आणि घरात गाडीही एकच असायची, ही आजोबांपासूनची रीत. मधल्याला उंच टपाची नवी व्हॅन हवी होती. थोरलीने मात्र कुणाला न विचारता, एका सोमवारी भट्टीवरून उठून, हातावरचं पीठ न झटकता जाऊन ही गाडी आणली. पाच दरवाजे आहेत, मागची सीट पाडली की केकचे तीन ट्रे आत जातात, घरचे सगळे मावतात, असं ती म्हणाली. ते सगळं खरं होतं. पण स्टिअरिंगच्या शिवणीला लाल दोरा का लागतो, पुढच्या सीटने माणसाला दोन्ही बाजूंनी आवळून का धरायचं, आणि चालू झाल्यावर गल्लीच्या टोकाचा शिंपी बिछान्यात उठून का बसतो, या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे नव्हती. किंवा होती, पण ती केकच्या कामाची नव्हती.

शेवटी मधल्याने आजोबांचा नियम काढला.

आजोबांनी बेकरी थाटली तेव्हा पहिली हातगाडी आणली. तिच्यावर कस्टर्डचा भरला वाडगा ठेवून ते चौकापर्यंत गेले आणि परत आले. साय शाबूत राहिली तर त्या वाहनावर आपला केक जाणार. फाटली तर वाहन फाटकाबाहेर. हातगाडी पास झाली. तीनचाकी सायकल पास झाली. दोन्ही व्हॅन पास झाल्या. नापास झालं ते एकच वाहन, बाबांनी तरुणपणी आणलेली साइडकारची मोटरसायकल. वाडगा साइडकारमधून बाहेर काढला तेव्हा साय कशी वाळलेल्या तळ्यासारखी तडकली होती, हे घरात इतक्या वेळा हसत सांगून झालं होतं की मोटरसायकल न पाहिलेली नातसुद्धा ते हातवारे करून सांगायची. अशा वेळी आई हटकून काहीतरी आणायला आत जायची.

आज मात्र आई आत गेली नव्हती. स्वेटरचे दोन्ही खिसे हातांनी भरून ती स्टुलावर बसली होती, वाडग्याकडे बघत.

"धरली," ती म्हणाली. "चला."

नात, मधल्याची मुलगी, पुढे झाली. चिमी म्हणायचे तिला. दवाखान्यात ती हाडांचे फोटो काढायची. आज तिला पंच नेमलं होतं, कारण ती दोन्ही बाजूंची लाडकी होती. "नियम ऐका. वाडगा मी मांडीवर धरणार. गाडी आत्या चालवणार. बसडेपोच्या चौकातून पाण्याच्या टाकीच्या टेकडीपर्यंत आणि परत. वेग व्हॅनचा."

"म्हणजे बैलगाडीचा," धाकटा म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?" मधल्याने विचारलं.

"सकाळपर्यंत ताईच्या. मग तिने मला स्टेशनवरून आणलं. मागे बसलो होतो. एका खड्ड्यात माझ्या सगळ्या दाढा एकमेकींना भेटल्या. आता मी तुझ्या बाजूचा."

"मागे कशाला बसलास? पुढची सीट रिकामी होती," थोरली म्हणाली.

"पुढे तुझी पावांची टोपली होती. तिला पट्टा लावलेला होता. मला नव्हता लावला."

भावजय फिसकन हसली आणि मधल्याने, तिच्या नवऱ्याने, बघताच गंभीर झाली. तिचा चेहरा थोरलीला आज कळत नव्हता. बोलायची नवऱ्यासारखंच, पण गेल्या काही बुधवारी गाडीचा आरसा थोरलीला खाली झुकलेला सापडला होता. घरात थोरलीहून बुटकी ड्रायव्हर एकच होती. थोरलीने विचारलं नव्हतं. आरसा तेवढा वर केला होता.

"वाडगा मी धरणार," आई म्हणाली.

"आजी, तू?"

"का? मला मांडी नाही?"

"अगं, गाडी कडक आहे. मागे बसलं की दणके बसतात."

"तुझ्या काकाला बसले. त्याच्या दाढांचं मला सांगू नकोस. लहानपणीही हलत्याच होत्या."

यावर कुणाचं काही चाललं नाही. मधल्याने वाडगा असा उचलला जसा कुणी पाखराचं घरटं उचलतं, आणि सगळी वरात अंगणात आली. आईला मागच्या सीटवर बसवायचं म्हणजे मोठं काम होतं. मागचं दार अरुंद, सीट खोलगट. आधी आई, मग तिचा डावा पाय, मग उजवा पाय, मग मांडीवर दुमडलेला टॉवेल आणि सगळ्यांत शेवटी वाडगा. चिमीने वाकून साय बघितली.

"शाबूत आहे. सगळ्यांनी बघा. नंतर भांडायचं नाही."

सगळ्यांनी बघितली. भावजयीने जरा जास्तच वेळ बघितली आणि सरळ होताना थोरलीच्या कानाशी पुटपुटली, "दुसऱ्या गिअरवर नेऊ नका, तिसऱ्यावरच न्या. दुसऱ्यावर उसळते."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. भावजय छपराचा पत्रा मोजत असल्यासारखी वर बघत होती.

गाडी सुरू झाली. गल्लीच्या टोकाला शिंप्याची खिडकी उघडली आणि बंद झाली.

थोरलीचे हात स्टिअरिंगवर आले की तिच्यात काहीतरी बदलायचं. आयुष्य तिने भट्टीसमोर काढलं होतं. तोंडावर आग, पाठीशी जग. पहाट कशी होते हे तिला पावाच्या रंगावरून कळायचं. व्हॅनही तिने चालवली होती, पण व्हॅनला ढकलत न्यावं लागायचं, रुसलेल्या पाहुण्यासारखं. ही गाडी तशी नव्हती. हिच्याकडे बघून नुसता विचार करावा आणि हिने हुंकार द्यावा. वळण आलं की ती रस्त्याला बिलगायची. चढ आला की एक दीर्घ श्वास घ्यायची, आणि तो श्वास थोरलीला स्वतःच्या छातीत जाणवायचा. काळ्या सीटवर पिठाचे पंजे उमटले होते, एसी लावला की आतून बारीक मैदा उडायचा, बेकरीच्या उतारावर नाक घासायचं. या सगळ्यासकट घरात तिचं एकटीचं असं हे एकच होतं. तिची खोलीही अर्धी साखरेच्या पोत्यांची होती.

आणि आता ते सगळं एका सायीवर टांगलेलं होतं.

फाटकाबाहेरच गतिरोधक. तिने गाडी अशी नेली की गोगलगायही पुढे गेली असती. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. धप्प. कडक गाड्यांचं हेच असतं, हळू नेलं की खडान् खडा बोलतो. वेग घेतला की मग गप्प होतात. पण वेग व्हॅनचा ठरला होता. आरशात तिला आईचे पांढरे केस तेवढे दिसत होते. केस एकदा वर गेले, एकदा खाली आले.

"आई?"

"चालव."

बसडेपोचा चौक आला. थोरलीने वळण इतकं हळुवार घेतलं की मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कालव्याकाठचा रस्ता लागला. इथे नुकतीच खडी टाकलेली. तिने वेग आणखी कमी केला.

"एवढी हळू का चालवतेस ग?" मागून आवाज आला.

"साय आहे ना मांडीवर."

"साय नाहीये आता."

"म्हणजे?"

"फाटली. फाटकाबाहेरच्या उंचवट्यालाच."

थोरलीने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. कालव्याचं पाणी सावकाश चाललं होतं, त्याला काही ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. लाल दोऱ्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एक टाका, दुसरा टाका. मी कधी रडले असं आत्ताच तर ती भावाला विचारून आली होती.

मागून टिण् असा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. आईच्या हातात चमचा होता आणि तोंडात कस्टर्ड.

"आई! हे काय करतेस?"

"खातेय. गार झालं की मजा नाही."

"अगं, पण चमचा कुठून आला?"

"खिशातून."

"निघतानाच घेतलास?"

"नाहीतर काय वाटेत उगवला?" आईने आणखी एक घास घेतला. "ही गाडी कडक आहे ते मला माहीत नाही? तू पहाटे बाहेर काढतेस तेव्हा माझा पलंग हलतो. साय फाटणार हे मी काल रात्रीच ओळखलं होतं."

"मग आलीस कशाला?"

 आईने चमच्याने वाडग्याची कड खरवडली.

"त्या साइडकारमध्ये कोण बसायचं, माहीत आहे?"

थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला. गोष्टीत मोटरसायकल होती, बाबा होते, वाडगा होता, तडकलेली साय होती. साइडकारमध्ये वाडग्याआधी कुणी बसलेलं नव्हतंच.

"तू?"

"नवीन लग्न झालेलं. तुझे बाबा संध्याकाळी मला घेऊन निघायचे. मी जमिनीला इतकी जवळ, की गवत कानाशी बोलायचं. ते वरून ओरडून विचारायचे, भीती वाटते का? मी खालून ओरडायचे, वाटते, आणखी जोरात! थोडेच दिवस चाललं ते. मग मामंजींनी वाडगा काढला." आईने मान हलवली. "साय फाटली. त्यांनी मोटरसायकल देऊन टाकली. सायीला सगळ्यांनी विचारलं ग. मला कुणी विचारलं नाही. आणि मीही बोलले नाही."

कालव्यावरून एक वाऱ्याची झुळूक आली आणि दोघींच्या चेहऱ्यांवरून फिरून गेली.

"चल," आई म्हणाली, "चालव. खरी चालव. माझ्या हातात आता फाटण्यासारखं काही नाही."

थोरलीने किल्ली फिरवली. या वेळी तिने गाडीला अडवलं नाही. दुसरा गिअर, तिसरा, कालव्याचा सरळ रस्ता पुढ्यात उलगडत गेला, आणि जी गाडी मघाशी खड्याखड्याला कुरकुरत होती ती एकाएकी शांत झाली, रस्त्यावर ओढलेल्या रेघेसारखी. टेकडीची वळणं आली. गाडी डावीकडे वळली, आई उजवीकडे गेली आणि "अगंबाई!" म्हणाली. गाडी उजवीकडे वळली, आई डावीकडे गेली आणि नुसती हसली. आरशात आता केसांबरोबर कपाळ दिसत होतं, कपाळाबरोबर डोळे. आई ताठ बसली होती.

"भीती वाटते का?" थोरली ओरडली.

"वाटते! आणखी जोरात!"

आणि मग वाडग्यावर चमच्याने ठेका धरून आई गायला लागली, जसं पूर्वी पोरांना झोपवताना गायची, ऐनवेळी शब्द जुळवत:

"लेक हाकी गाडी, माय बसे मागं,
झाडं मागं धावती, म्हणती थांब गं…"

टाकीपाशी त्या थांबल्या. गाडीच्या गरम नाकाला टेकून दोघींनी उरलेलं कस्टर्ड एकाच चमच्याने संपवलं. खाली सगळं गाव दिसत होतं, त्यात बेकरीचं धुराडं, आणि अंगणात काही ठिपके, जे बहुधा येरझाऱ्या घालत होते.

"शब्द दिलाय मी," थोरली म्हणाली. "किल्ली द्यावी लागेल."

"दे ना. दिलेला शब्द पाळावा," आई म्हणाली आणि चमचा चाटूनपुसून खिशात ठेवला.

अंगणात गाडी शिरली तेव्हा मधला दाराशीच उभा होता. "एवढा वेळ? मला वाटलं, बंद पडली." त्याने मागचं दार उघडलं, वाकला आणि तसाच राहिला. "साय कुठंय?"

"पोटात," आई म्हणाली.

"आणि कस्टर्ड?"

"सायीला सोबत नको?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. चिमी म्हणाली, "आजी, हा पुरावा होता!"

"फाटली," थोरली म्हणाली. हसणं एकदम थांबलं. "पहिल्याच गतिरोधकाला फाटली. मी हरले." तिने किल्ली भावासमोर धरली. हात अगदी स्थिर होता. इतका स्थिर, की मधल्याला त्याकडे बघवेना.

तो किल्ली घेईना आणि ती हात मागे घेईना. तेवढ्यात दोघांच्या मधून एक सुरकुतलेला हात आला आणि किल्ली स्वेटरच्या खिशात गेली, चमच्याशेजारी.

"हिने शब्द पाळला. आता माझं ऐका. आधी मला बाहेर काढा."

काढलं. उजवा पाय, डावा पाय, मग आई. ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्या आजोबांचा नियम चांगला होता. केकसाठी. पण माणसं बसायची गाडीसुद्धा त्यांनी सायीला विचारून ठरवली. ती साइडकार तुम्ही हसून हसून सांगता ना, तिच्यात मी बसायचे."

 मधल्याने मान खाली घातली. ती गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा त्यानेच सांगितली होती.

"सायीपेक्षा नाजूक या घरात काय असेल तर माझी हाडं. टेकडी चढून, वळणं घेऊन, गात गात आलेय. बघ रे, एक तरी तडकलंय? चिमे, हवं तर तुझ्या मशीनखाली घाल मला."

"नको आजी," चिमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "पास."

"पण केकचं काय?" मधला म्हणाला. त्याचा आवाज आता नियमाचा राहिला नव्हता, नुसता काळजीचा होता. "आई, तीन मजली केक या गाडीतून गेला तर एकमजली होऊन पोचेल."

"मग आण की व्हॅन. कोण नको म्हणतं? दोन गाड्या असू नयेत असं कुठे कोरून ठेवलंय?"

"आणि उभी कुठे करू?"

"माझ्या खिडकीखाली भाजीचा वाफा आहे ना, तो काढून टाका. आजवर एक मुळा धड आलेला नाही त्यात. व्हॅन तिथे. छप्पर हिला."

"मला चालेल," भावजय एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती लालबुंद झाली, जवळजवळ गाडीइतकी. "म्हणजे… बुधवारी मला पोहायला जायला बरी पडते."

"तू चालवतेस?" मधला ओरडला. "हिला? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"मला आरशाने सांगितलं," थोरली म्हणाली आणि भावजयीकडे बघून डोळा मिचकावला. "तिसऱ्यावरच नेते ना?"

"दुसऱ्यावर उसळते हो फार," भावजय म्हणाली, आणि मग दोघीही अशा हसत सुटल्या की धाकट्यालाही कळेना, आता कुणाच्या बाजूने असावं.

आईने किल्ली काढली. चमचाही बरोबर आला, तो तिने परत आत ठेवला. किल्ली तिने थोरलीच्या हातात दिली आणि तिची बोटं वरून मिटली.

"मला एक फेरी," मधला म्हणाला. जरा वेळ पायाने खडे ढकलून म्हणाला. "म्हणजे… बघायला. मी चालवतो."

"मागे बस," थोरली म्हणाली.

"मागे?"

"आधी मागे. सगळे आधी मागेच बसलेत."

मधला मागच्या दारातून आत गेला. त्याचे गुडघे हनुवटीपाशी आले. धाकटा दुसऱ्या बाजूने घुसला, मध्ये चिमी कोंबली गेली, भावजय पुढे बसली आणि बसताबसता पट्टा ओढला, सवयीने. आई फाटकापाशी उभी राहिली. गतिरोधक आला तेव्हा थोरलीने आरशात पाहिलं. धाकटा दाढा धरून बसला होता. आणि मधल्याच्या मांडीवर तो रिकामा वाडगा होता, दोन्ही हातांनी त्याने तो समतोल धरला होता, उंचवट्यावर वर उचलत, वळणावर अलगद तिरका करत, जसा आयुष्यभर धरत आला होता, आणि मोठ्याने म्हणत होता, "आणखी जोरात घे की ग, ताई!"